हिरामणभाऊंच्या गाडीचं पाणी

हिरामणभाऊ चहा चालत प्यायचे. आमच्या मेडिकल दुकानाशेजारच्या टपरीवर ग्लास हातात घेतला की ते निघालेच. पहिला घोट सोसायटीच्या फाटकापाशी, दुसरा रिक्षा स्टँडवर, आणि शेवटचा कुठे ते कुणालाच माहीत नसे. रिकामा ग्लास परत यायचा तो भलत्याच दिशेने, कधी कधी भलत्याच माणसाच्या हातून. टपरीवाल्याने एकदा वैतागून त्यांना कागदी पेल्यात चहा दिला, तर भाऊंना राग आला. "मी काय परका माणूस शे का?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराला न थांबता पुढे गेले.

मी मूळची परभणीकडची. आमच्याकडे दुकानात आलेला माणूस आधी टेकतो, पाऊसपाण्याचं विचारतो, मग कशाला आलो ते सांगतो. सुरतेत येऊन डिंडोलीत दुकान टाकलं आणि कळलं की इथे कुणालाच टेकायला वेळ नाही. पण हिरामणभाऊंची घाई सुरतेलाही झेपणारी नव्हती. पहिल्यांदा ते आले तेव्हा चिठ्ठी काउंटरवर आपटली, मी गोळ्या काढायला पाठ वळवली, आणि पुन्हा वळून पाहते तो समोर कुणी नाही. शेजारच्या किराणा दुकानातून साखर घेऊन, वाटेत कुणाच्या तरी स्कूटरला धक्का मारून ते परत आले आणि म्हणाले, "झालं का ताई? टाईम कोठे शे?" मला वाटलं, घरात कुणी अत्यवस्थ आहे. नंतर कळलं, गोळ्या त्यांच्याच पित्ताच्या होत्या.

त्यांचं हे असं का, ते मला त्यांचा जुना उद्योग कळल्यावर उमगलं. सुरतेत लूम्सच्या कारखान्याला खातं म्हणतात. अशा एका खात्यात ते तरुणपणापासून कारीगर होते. एकेका कारीगराकडे कितीतरी मशिनी असतात, आणि त्याने त्यांच्या मधल्या बोळांतून सारखं फिरत राहायचं, कारण धागा तुटला की मशीन बंद, आणि मशीन बंद झाली की शेठचं तोंड चालू. उभा जन्म भाऊ त्या बोळांतून चालत राहिले. त्या खडखडाटामुळे बोलणंही मोठ्याने. बद्धकोष्ठाचं औषध मागायला आले की अख्ख्या गल्लीला त्यांच्या पोटाची खबर लागायची. मी दबक्या आवाजात "हळू बोला" म्हटलं की ते आणखी मोठ्याने "काय?" विचारायचे. बसा म्हटलं तर ठरलेलं उत्तर होतं: "माणूस बठना का गंज धरस, ताई."

पुढे शेठने खातं विकलं आणि जाता जाता आपली जुनी पांढरी चौकोनी गाडी हिरामणभाऊंच्या गळ्यात मारली. भाऊंना वाटलं, लॉटरी लागली. ते गाडी चालवायला शिकले, पण गाडीत थांबायला काही शिकले नाहीत. सिग्नलला उभे असताना त्यांचा हात सारखा गिअरवर, आणि तोंडाने पुढच्या गाड्यांना आर्जव चालू: "चाला, निंघा! चाला, निंघा!" त्यांच्या शेजारी बसून उधन्यापर्यंत गेलं तरी उतरताना आपल्याला दम लागलेला असायचा.

त्या गाडीला एकच आजार होता. तिच्या रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं. इंजिन गार ठेवण्यासाठी हिरवं कूलंट घालतात ते, आणि भाऊ वर नळाचं पाणी ओतत राहायचे ते. सकाळी काठोकाठ भरावं, आणि थोडं फिरून आलं की पातळी खाली. मग गाडी तापायची, सुई लाल पट्ट्याकडे निघायची. बरं, पाणी गळतं म्हणावं तर गाडीखाली थेंब नाही. भाऊंनी माझ्याकडून औषधांचे रिकामे खोके नेले, फाडून पुठ्ठे केले आणि गाडीखाली अंथरले. रोज सकाळी दुकान उघडताना ते पुठ्ठा घेऊन हजर. "दखा ताई, कोरडंठाक! मग पानी जास कोठे?" जसं काही ते पाणी मीच चोरत होते.

पाणी कुठे जातं, याची उत्तरं मात्र गल्लीत प्रत्येकाकडे तयार होती. रिक्षावाले म्हणायचे, इंजिन पितं. टपरीवाला म्हणायचा, सुरतच्या उन्हाने आटतं. उधन्याचा मेकॅनिक बाबुभाई तेवढा शांत माणूस. हात पुसत म्हणाला, "भाऊ, टेस्ट करवी पडे. प्रेशर मारीने बेसवुं पडे." म्हणजे गार इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला पंप लावायचा, आत दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला की समजायचं, कुठेतरी गळती आहे, आणि मग सावकाश शोधायचं. यातलं "बेसवुं" आणि "सावकाश" हे दोन्ही भाऊंना मानवणारे नव्हते. पंप लावून बाबुभाईने बिडी पेटवायच्या आत ते म्हणाले, "पाइप बदलाय द्या ना, कशाले टाईम खोटी करतस?"

मग पाइप बदलला. ढक्कन बदललं. पाण्याचा पंप बदलला. प्रत्येक वेळी भाऊ दुकानासमोर गाडी जोरात थांबवून ओरडायचे, "झालं काम!" आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांत सुई पुन्हा वर. वर तापलेल्या गाडीचं ढक्कन गार होण्याआधी उघडायची खोड. मग वाफ अंगावर यायची आणि भाऊ भाजलेली बोटं फुंकत मलम न्यायला यायचे. एकदा मी चांगलीच तडकले. "अहो, गार होऊ द्या की तिला!" तर त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "अन् ती गार होईपर्यंत मी काय करू?" मी मलम दिलं.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या वर्षी गाडीला एक काम पडलं, आणि गंमत संपली.

हिरामणभाऊंचे थोरले भाऊ सुकलालदादा त्यांच्याकडेच राहायचे. खानदेशातून सुरतेकडे आधी आले ते दादा. चलथाणच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला आले, तिथून लूम्सवर गेले आणि मग धाकट्या हिराला बोलावून घेतलं. त्याला काम शिकवलं, खोली करून दिली, लग्न लावलं. त्यांची स्वतःची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आदल्या वर्षी त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. शब्द उरले ते मोजकेच. "हिरा" म्हणायचे, "पानी" म्हणायचे. आमच्या दुकानासमोर भाऊंचं घर, त्या घराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत दादा दिवसभर बसलेले असायचे, आणि त्यांच्या भोवताली हिरामणभाऊ घिरट्या घालत असायचे. औषधं, मालीश, दवाखाना, सगळं धावतपळत. पण चुकलं एकही नाही, हे मी मेडिकलवाली म्हणून सांगते.

आषाढ सरत आला तसा दादांना आणखी एक शब्द आठवला: रोट. सकाळी रोट, जेवताना रोट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. तेव्हा अर्धी डिंडोली आणि लिंबायत रिकामी होते. खाती बंद पडतात, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, सगळा खानदेश गावी पळतो. भाऊंच्या घराण्याची रीत अशी की भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढायची, ते सगळं एकत्र दळायचं आणि त्याचे जाड पोळ्यांसारखे रोट करायचे. ते रोट गावच्याच घरी, फक्त भाऊबंदांनी खाऊन संपवायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही आणि घराबाहेर कण न्यायचा नाही. आदल्या वर्षी दादांच्या नावाची मूठ निघाली होती, पण दादा सुरतेत दवाखान्यात होते. त्यांचा वाटा बाकीच्यांनी खाल्ला. हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं.

"औंदा दादाले लई जावानं," हिरामणभाऊंनी जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, इच्छा आहे तर न्या, पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही. रेल्वेच्या त्या रेटारेटीत दादांना घालणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, भाड्याची चांगली गाडी करा. त्यावर भाऊंनी नजर चुकवली आणि चालू लागले. उत्तर मिळालं ते त्यांच्या बायकोकडून, दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून.

लताबाईवहिनी हळू बोलायच्या. घरात एकाने मोठ्याने बोललं की पुरे. त्या म्हणाल्या, "ताई, मोठ्या माणसांचे ते मिळतात ना, लहान पोरांना लावतात तसे?" मला कळलं. दादांना दवाखान्यात नेऊन आणलं की पुढच्या सीटखालची चटई ओली असायची, दादांचे पायही ओले. पहिल्यांदा वहिनींनी गुपचूप पुसून घेतलं. दुसऱ्यांदा भाऊंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. घरात याबद्दल अवाक्षर नाही. जेठाला, थोरल्या दिराला, कुणी कसं विचारणार? दादांना त्या डाव्या पायाचं ओलंकोरडं कळतच नव्हतं, पण वहिनी चटई पुसताहेत हे दिसायचं. तेव्हापासून गाडीचं दार उघडलं की ते मान हलवून नाही म्हणायचे. दवाखान्यात नेतानाही दोघा-तिघांना विनवण्या कराव्या लागायच्या. वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गाडीत तर ते मरेपर्यंत बसायचे नाहीत. आमच्याच गाडीत कसंबसं." मी पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने सगळ्या घराला सुरतेत उभं केलं, त्याच्यावर ही वेळ यावी.

वहिनींनी आणखी एक काळजी सांगितली. दादा आताशा गाडीत भलतंच बोलतात. भेस्तानच्या आसपास, अजून हायवेही आलेला नसताना, नाक वर करून म्हणतात, "कारखाना." चलथाणवरून जाताना साखर कारखान्याचा गोड वास गाडीत भरतो, तो सगळ्या खानदेशी लोकांच्या ओळखीचा. गावाहून येताना तो आला की पोरं उठून बसतात, सुरत आली म्हणतात. पण भेस्तानमध्ये कुठला कारखान्याचा वास? वहिनी म्हणाल्या, "डोक्यातपण गेलं वाटतं आता. जुन्या दिवसांत फिरताहेत."

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात भाऊंनी ठरवलं, चलथाणपर्यंत जाऊन यायचं. गाडी टिकते का बघायचं आणि दादा टिकतात का बघायचं. "ताई, तुम्ही मांगे बठा. तुम्ही मेडिकलवाल्या. दादाले काही व्हयनं तर?" मी गोळ्या विकते, डॉक्टर नाही, हे मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. तरी दुकान यजमानांवर सोपवून बसले. पुढे दादा, मागे वहिनी आणि मी. दादांना बसवायलाच पाऊण तास गेला. शेवटी भाऊ त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "दादा, रोट खावाना शे ना?" तेव्हा कुठे त्यांनी उजवा हात दारावरून काढला.

बाहेर भुरभुर चालू होती, म्हणून काचा बंद. समोरची काच आतून सारखी धुरकट व्हायची आणि भाऊ एका हाताने पुसायचे, तर पुसल्यावर तिथे तेलकट फराटे उठायचे. "हाऊ पाऊस पन ना!" म्हणून ते पावसाला शिव्या देत होते. हायवेला लागायच्या आधीच दादांनी मान वर केली. "कारखाना." वहिनींनी माझ्याकडे पाहून डोळे मिटले. थोड्या वेळाने दादा पुन्हा म्हणाले, "हिरा, कारखाना." "हां दादा, येस कारखाना, येस," भाऊ समजूत काढत म्हणाले. आणि खरंच, मलाही गोड वास येत होता. पुढे चलथाण आलं, तेव्हा सगळं जुळलंच. वास आहे, कारखाना आहे. सुईही लाल पट्ट्याला टेकलेली आहे.

भाऊंनी गाडी कडेला घेतली, उडी मारून बॉनेट उघडलं. मी मागून ओरडले, "ढक्कनाला हात लावाल तर बघा! तुमच्यासाठी आता माझ्याकडे मलम उरलेलं नाही!" हात मागे गेला, पण पाय थांबेनात. त्या भुरभुरीत ते गाडीभोवती गरागरा फिरू लागले. रविवारपर्यंत किती दिवस राहिले ते स्वतःशी मोजत होते, आणि मधूनच मोठ्याने, "नही व्हवाव, नही व्हवाव," म्हणत होते. होणार नाही, जमणार नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

वहिनी उतरल्या आणि त्यांनी दादांच्या बाजूचं दार उघडलं. चटई ओली होती. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पदर आडवा धरून दादांचं धोतर सावरलं, चाचपलं, आणि तशाच थबकल्या. मग नवऱ्याला हाक मारली, तीही मोठ्याने. "आवो! आठे या. दादा त कोरडा शेतस. मंग पाय ओला कसा व्हयनात?"

हिरामणभाऊ फिरता फिरता थांबले. आले, वाकले, दादांच्या पायाखालच्या चटईवर हात दाबला आणि बोटं चोळून पाहिली. "पानी नही हाई. चिकट शे." नाकाशी नेली. मग समोर कारखान्याच्या धुराड्याकडे पाहिलं. धुराडं गपगार होतं. सभोवती उसाचे मळे हिरवेगार उभे. भाऊंच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येत गेली, ती मला दिसत होती. "श्रावणमा कारखाना कोठे चालू राहस?" ते स्वतःलाच विचारत होते. "तो त दिवाळी लागनी का चालू व्हस. मंग हाऊ वास कसाना?"

त्यांनी पुढच्या खणाच्या खाली हात घातला आणि दादांच्या डाव्या पायाच्या वर चाचपडलं. हात बाहेर आला तो फिकट हिरवा, ओला. गाडीचं पाणी बाहेर नव्हे, आत गळत होतं. तिथे हीटर असतो म्हणे. सुरतेत तो कुणी आयुष्यात लावत नाही, म्हणून आपल्या गाडीला हीटर आहे हेसुद्धा भाऊंच्या गावी नव्हतं. तो आतून सडला होता. गरम झालं की थेंब थेंब चटईखालच्या गालिच्यात मुरायचं. पुठ्ठे कोरडे राहिले ते त्यामुळे, काच तेलकट झाली ती त्यामुळे, आणि गोड वास होता तो त्या कूलंटचा.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या क्षणी मी पाहिलं ते एवढंच, की भाऊ तिथे चिखलात उकिडवे बसले आणि त्यांनी दादांचा ओला पाय दोन्ही हातांत घेतला. "दादा," ते म्हणाले, आणि तेवढं म्हणूनच त्यांचा तो लूम्सवरचा आवाज फुटला. "दादा, तू नही रे. गाडी मुतनी. गाडी मुतनी, दादा, तू नही!"

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि हिरामणभाऊंच्या डोक्यात चांगली सणसणीत टपली मारली. "कारखाना!" असे काही म्हणाले, की बाकीचं सगळं बोलणं त्यात आलं. इतके दिवस ते सांगत होते, आणि आम्ही त्यांना वेड्यात काढत होतो. वहिनी पदराने तोंड दाबून हसत होत्या आणि रडत होत्या. दादांचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला हसता येत नव्हतं, पण डोळा त्याही बाजूचा वाहत होता.

दुसऱ्या दिवशी बाबुभाईने पंप लावला. या खेपेला भाऊ त्या काट्याकडे बघत उभे राहिले, एका जागी, हाताची घडी घालून. काटा उतरला आणि आत चटईवर थेंब पडला. "सुरतमां हीटर कोने जोईए?" असं म्हणत बाबुभाईने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढले आणि एकमेकांना जोडून टाकले. पाणी हीटरकडे जायचंच बंद. काम चहा प्यायच्या आत संपलं. माझ्या दुकानातलं उरलेलं पुडकं वहिनींनी परत आणून दिलं. मी न विचारता ठेवून घेतलं.

शनिवारी सकाळी ते निघाले. दादा स्वतः गाडीकडे बोट दाखवत होते, घाई त्यांनाच झाली होती. नवापूरवरून भाऊंचा फोन आला, कान बधिर करणारा: "ताई, सुई हालनी नही! जागेवर शे!" रविवारी कानबाई बसली. सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. सोमवारी दुपारी दादांनी भाऊबंदांच्या पंगतीत बसून रोट खाल्ला, हेही फोनवर कळलं. मला इतका आनंद झाला की गिऱ्हाइकाला सुटे द्यायचे विसरले.

मंगळवारी सकाळी दादा गेले. झोपेतच.

आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. त्यांच्यात रोट पौर्णिमेपर्यंत पुरवून खातात. ते संपायच्या आत भाऊबंदात कुणी गेलं, तर रोट खोटे होतात. उरलेले पाण्यात सोडायचे आणि रोट बंद. एका घरात नव्हे, सगळ्या भाऊबंदांत बंद. पुन्हा सुरू व्हायचे तर कानबाईच्याच दिवशी घरात मूल जन्मावं लागतं, नाही तर दारच्या गायीला वासरू व्हावं लागतं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले रोट हिरामणभाऊंमुळे थांबले, असं चुलतभाऊ तोंडावर बोलले. मरायला टेकलेल्या माणसाला एवढ्या प्रवासाने दमवून इथे आणायची काय गरज होती, सुरतेतच ठेवायचं होतं. हे वहिनींनी मला फोनवर हळूच सांगितलं.

ते सुरतेला राहायला परत आले नाहीत. पाऊस संपता संपता खोली रिकामी करायला तेवढे आले. गाडी बाबुभाईला देऊन टाकली होती. सामान टेम्पोत चढवताना ते माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मी विचारलं, गावी काय करणार? म्हणाले, गाय घेतली आहे. गाभण करण्याआधीच गुरांच्या डॉक्टरला दिवस मोजायला लावणार आहे. कानबाईच्या रविवारीच व्यायली पाहिजे. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या. पुतण्यांच्या बायकाही आहेत, पण त्यांना काय सांगणार? मला हसू आलं. उभ्या जन्मात ज्याने उकळता चहा गार होऊ दिला नाही, तो माणूस आता एका वासरासाठी वर्षं मोजणार होता.

मग मी विचारू नये ते विचारलं. माझा स्वभाव आहे, राहवत नाही. "भाऊ, भाऊबंद म्हणतात ते तुम्हाला पटतं का? दादांना नेलं नसतं, तर रोट राहिले असते."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ हलले नाहीत. त्यांनी उजव्या हाताची बोटं तोंडाजवळ नेली, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की मला काउंटरवरून पुढे वाकावं लागलं.

"पंगतमा बठनात ना, तं दादानी घास मोडा. मी म्हनं, खा दादा, तुन्हा वाटाना शे. तं नही. पह्यले माले दिन्हा. मी धाकला व्हतू तवय देत व्हता तसा. मंग सोता खादा. तो रोट खोटा कसा व्हई, ताई?"